कुलूपबंद घरं आणि उघड्यावरची माणसं: गोव्यात घरमालक, दलाल, बिल्डर एकत्र येतील का?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

आम्ही काही जण म्हापसा आणि पणजीत रात्री जेवणाची पाकिटं वाटतो. हा धागा त्या कामाबद्दल नाही. जेवण दिलं तरी माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर असतो, आणि ते आता बघवत नाही, म्हणून लिहितेय.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात बेघर म्हणून नोंदलेली माणसं तीन हजारांच्या आसपास होती. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत होते. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, रेल्वेच्या फलाटावर जो झोपलेला सापडेल तो मोजला जातो. त्या रात्री कुणाच्या ओसरीवर जागा मिळाली तर तो मोजणीतून सुटतो. त्याच जनगणनेत गोव्यातली सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी नोंदली गेली, म्हणजे साधारण पाचातलं एक. आकडे जुने आहेत, पण तेव्हापासून या राज्यात बांधकाम किती झालं ते आपण सगळे रोज पाहतो.

आम्हाला भेटणारी माणसं कोण आहेत ते आधी सांगते, कारण 'बेघर' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भिकारीच येतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात वीस-पंचवीस वर्षं भांडी घासलेला माणूस. हात कापू लागले, काम गेलं, आणि खोली कामाबरोबर मिळालेली म्हणून तीही गेली. नवरा वारल्यावर दिरांनी बाहेर काढलेली बाई. एका साइटचं काम संपलं आणि दुसरं अजून लागलं नाही, अशा मधल्या दिवसांतलं मजुराचं कुटुंब. गोमेकॉत (बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळात) नातेवाइकाला घेऊन आलेले आणि नंतर परत जायला घरच न उरलेले. यांतले बरेच जण कमावतात. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये मिळणारे वृद्धही त्यांत आहेत. २००० रुपयांत गोव्यात खोली मिळत नाही. मिळाली तरी डिपॉझिट, दलाली, जामीन आणि 'तुमचं गाव कुठलं?' हा प्रश्न आडवा येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरमालक आणि हा माणूस यांच्यामध्ये मालकाचा विश्वास बसेल अशी एक संस्था उभी राहिली पाहिजे. रिकामं घर तीन वर्षांसाठी ती संस्था स्वतः भाड्याने घेईल. आत कुणी राहत असो वा नसो, भाडं संस्था देईल. मोडतोड संस्था भरून देईल. मुदत संपली की रिकामी चावी मालकाच्या हातात. राहणारा आपल्या ऐपतीप्रमाणे संस्थेला पैसे देईल आणि संस्थेचा माणूस दर आठवड्याला घरी चक्कर मारेल.

हे कुठं झालं नाही असं नाही. फिनलंडमध्ये १९८५ साली स्थापन झालेली वाय-फाउंडेशन ही संस्था साध्या इमारतींमधले फ्लॅट विकत घेऊन बेघरांना भाड्याने देत आली आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने २०११ नंतर खासगी घरमालकांशी करार करून पंचवीस हजारांहून अधिक लोकांना घरात नेलं. त्यांच्याकडे सरकारी पैसा होता, तो आपल्याकडे तसा नाही. पण रिकामी घरं आपल्याकडेही आहेत.

घर असलेल्यांनी, दलालांनी, वकिलांनी, बांधकामातल्या लोकांनी मोकळेपणाने लिहावं. अडचणी जास्त लिहा.

भाटकाराची_नात

मांडवीकाठताई, अडचणी लिहा म्हणालात म्हणून घरातलीच लिहिते.

बार्देशात आमचं आजोळचं घर आहे. कुलूपबंद. चवथीला (गणेशचतुर्थीला) उघडतो, झाडतो, माटोळी बांधतो, पुन्हा बंद. भाड्याने का देत नाही, याची दोन कारणं आहेत, आणि पैसा त्यात नाही.

पहिलं, आजोबांची धास्ती. त्यांच्या भाटातली (बागायती जमिनीतली) माणसं मुंडकार म्हणून, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे म्हणून, घरांची मालक झाली. ते योग्यच झालं असं मला वाटतं, पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्यांचा तो हक्क होता. पण आजोबांनी त्यातून धडा घेतला तो असा, की परक्याला एकदा उंबऱ्याच्या आत घेतलं की घर गेलं. तो धडा त्यांनी मुलांना दिला आणि मुलं आता सत्तरीची आहेत.

दुसरं, वारस. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे, मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा, आणि लग्नानंतर नवरा-बायको दोघांचीही सही. आमच्या घराच्या कागदावर माणसं एवढी आहेत की चहाला बसवायला खुर्च्या पुरायच्या नाहीत. एक लिस्बनला, दोघं लंडनकडे, एक पुण्यात. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, झालेली नाही. एकाने 'देऊया' म्हटलं तरी दुसरा म्हणतो, उद्या वाटणी करताना आत कुणी असलं तर?

त्यात २०२२ साली जमीन हडपण्याच्या प्रकरणांची एसआयटी बसली. परदेशी असलेल्या वारसांची घरं बनावट कागद करून विकली गेली, हे सगळ्यांनी वाचलं. त्यानंतर माझे मामा कुणाला सात-बारा म्हणा, गोव्यातला तसाच एक-चौदाचा उतारा म्हणा, झेरॉक्ससुद्धा देत नाहीत.

छप्पर मात्र गळतंय. वाशांना वाळवी लागली आहे. कुणी ते नीट करून देणार असेल तर मामा भाड्याशिवायही ऐकतील, असं मला आतून वाटतं.

अॅड_सासष्टी

वरच्या प्रतिसादातली भीती मी कामात रोज पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहिलेल्यांना हुसकावण्यापासून वाचवतो. घर आणि भोवतालची जमीन, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर आणि पालिका क्षेत्रात २०० पर्यंत, विकत घेण्याचा हक्क देतो. पण मालकाच्या घरात भाडं देऊन राहणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. घरगडी, राखणदार यांनाही कायद्याने वगळलं आहे. तेव्हा लेखी करार करून, बँकेतून भाडं घेऊन संस्थेला दिलेलं घर मुंडकाराचं होईल, ही भीती निराधार आहे. धोका उलट ठिकाणी आहे. लोक ओळखीवर, तोंडी, कागदाशिवाय कुणाला तरी 'घराकडे लक्ष ठेव' म्हणून ठेवतात आणि वीस वर्षांनी मामलेदाराच्या कचेरीत दोघेही म्हातारे होतात.

११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स सगळे का करतात? वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च येतो, म्हणून. या योजनेत मी उलट सल्ला देईन. तीन वर्षांचा करार करा आणि उपनिबंधकाकडे नोंदवा. मालकाला सुरक्षितता हवी असेल तर ती नोंदणीतच आहे. परवानाधारक म्हणून संस्थेचं नाव राहू द्या. राहणाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळेत करा, तिथं हयगय नको.

सहमालकांचं मात्र खरं आहे. सगळ्यांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र लागेल. परदेशातून दूतावासात साक्षांकित करून पाठवता येतं. वेळ लागतो, पण होतं. ज्या घराचा एकच मालक आहे तिथून सुरुवात करा.

पेडण्याचो

माझा विरोध आहे, तो स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

मोपाचा विमानतळ आला, ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं. तेव्हापासून आमच्या तालुक्यात खोलीचं भाडं गावातल्या मुलाला परवडत नाही. भावाचं लग्न झालं, वेगळं राहायला जागा नाही म्हणून एकाच घरात मध्ये कपाटं उभी करून दोन संसार चालू आहेत. आमच्या धनगर भावांची घरं त्या पठारावरून हलली. हे लोक रस्त्यावर झोपत नाहीत म्हणून तुमच्या यादीत नाहीत. मग रिकाम्या घरावर पहिला हक्क कुणाचा? आणि बाहेरून आलेल्यांना घर, मग मतदारयादीत नाव, हा खेळ आम्ही बघितलेला आहे.

मांडवीकाठ

पेडण्याचो, राग कशाला? तुमच्या भावाची अडचणही घराचीच आहे.

पण आम्ही ज्यांना भेटतो त्यांत गोंयकार किती आहेत ते तुम्ही एकदा आमच्याबरोबर येऊन पाहा. घरच्यांनी बाहेर काढलेले म्हातारे याच मातीतले आहेत. आणि जो गदग-हावेरीहून किंवा झारखंडहून आला, त्याने आपल्या इमारती बांधल्या, आपले रस्ते केले, आपल्या हॉटेलांत भांडी घासली. त्याचं घर त्याच्या गावी आहे असं आपण म्हणतो, पण आयुष्याची उमेदीची वर्षं इथं घालवून तो म्हातारा झाला. त्याला 'तू बाहेरचा' म्हणून पायरीवर ठेवणं मला जमत नाही.

पहिला हक्क कुणाचा, यावर माझं उत्तर: जो आज रात्री उघड्यावर आहे त्याचा. तुमच्या भावासाठी वेगळी मागणी हवी, ती परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची. ती मागणी तुमच्यासोबत मीही करीन.

तिसवाडी_दोन

एक दुरुस्ती. सव्वा लाखाच्या आकड्यात दुकानं, गाळे, गोदामं अशा रिकाम्या वास्तूही येतात. राहण्याजोगी घरं त्याहून कमी. तरी मूळ मुद्दा हलत नाही, कारण गरज काही हजारांची आहे.

आणि रात्रनिवाऱ्यांचा विसर नको. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे शंभर जणांसाठी कायमचा निवारा हवा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, चोवीस तास उघडा. हा हक्क मागत राहिलं पाहिजे. दुसऱ्या बाजूला १९७२ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे, आणि उघड्यावरचा माणूस त्याच्या कक्षेत सहज ओढला जातो. निवारा मिळण्याआधी पोलीस गाडी मिळते, ही वस्तुस्थिती आहे.

घर_दाखवणारा

मी पर्वरी-म्हापसा भागात घरं भाड्याने लावून देतो. दलाल म्हटलं की शिवी समजतात, पण धाग्याच्या नावातच बोलावलंय म्हणून येतो.

मालक मला फोनवर काय विचारतात ते सांगतो. 'फॅमिली आहे का? आडनाव काय? नोकरी कुठं? नॉन-व्हेज चालतं का?' शेवटी, 'सोसायटी काही बोलणार नाही ना?' भाडं किती हा प्रश्न चौथा-पाचवा. म्हणजे मालक माणूस निवडतो, पैसे नंतर. भाडेकरूच्या जागी संस्थेचं नाव आलं तर यातले अर्धे प्रश्न गळून पडतील, हे माझं रोजच्या कामातलं मत आहे. कंपन्या आपल्या स्टाफसाठी फ्लॅट घेतात तेव्हा कुणी आडनाव विचारत नाही.

आता घरं कुठं शोधायची. कळंगुट, कांदोळी, शिवोली, हणजूण विसरा. तिथला फ्लॅट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पर्यटकांकडून जे कमावतो, ते कुठलीही संस्था बारा महिन्यांत देऊ शकणार नाही. तो मालक पावसाळ्यात फ्लॅट रिकामा ठेवील, पण तीन वर्षांसाठी बांधून देणार नाही. त्याला दोष देत बसण्यात वेळ घालवू नका.

बघायचं असेल तर साखळी, डिचोली, कुडचडे, सांगे, फोंड्याच्या आतल्या बाजूला. सप्टेंबर २०१२ ला खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू होऊन मार्च २०१८ ला पुन्हा थांबल्या. त्या पट्ट्यात लोकांनी खाणीच्या स्टाफसाठी खोल्या काढल्या होत्या, ट्रकांच्या कमाईतून वरचा मजला चढवला होता. बऱ्याच घरांचा तो वरचा मजला कायमचा भाडेकरू शोधतो आहे. तिथला मालक बारा महिन्यांच्या खात्रीच्या भाड्याला 'हो' म्हणेल, रक्कम कमी असली तरी.

माझी दलाली? एक महिन्याचं भाडं आम्ही दोन्हीकडून घेतो. अशा घरासाठी मी राहणाऱ्याकडून घेणार नाही. मालकाकडून निम्मी घेईन, पूर्ण सोडणार नाही, मलाही घर आहे. आमच्यातल्या आणखी काही जणांना विचारतो.

वाट_पाहू_नका

कुडचडेत घर मिळेल हो, काम कुठं आहे? रोजंदारीचा माणूस पहाटे मडगावच्या नाक्यावर उभा राहिला नाही तर दिवस गेला. रात्री उशिरा हॉटेल सुटलेल्याला कदंबची बस कुठली? माणसं शहरात उघड्यावर झोपतात ती कामाच्या जवळ राहायला. घर लांब दिलंत तर पंधरा दिवसांत परत पायरीवर दिसतील आणि लोक म्हणतील, 'बघा, यांना घर नकोच असतं.'

घर_दाखवणारा

बरोबर आहे तुमचं. मग आतल्या भागात वृद्ध आणि आजारातून उठलेले, ज्यांना रोज नाक्यावर जायचं नाही असे. कमावत्यांसाठी मडगाव, वास्को, म्हापसा इथंच शोधावं लागेल, तिथं जुन्या इमारतींतले तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे बिनलिफ्टचे फ्लॅट आहेत. कुटुंबं ते घेत नाहीत, म्हाताऱ्यांना चढवत नाहीत, तरुण मजुराला चालतील.

परिचारिका_बांबोळी

मी एवढे दिवस फक्त वाचत होते. वृद्ध आणि आजारातून उठलेले हा उल्लेख आला म्हणून लिहिते.

मनोरुग्णालयात बऱ्या झालेल्या पण घरी कुणी न्यायला येत नाही अशा बायका असतात. गोळ्या नियमित घेतात, स्वयंपाक येतो, हिशेब कळतो. घरच्यांनी पत्ता बदललेला असतो. त्यांना 'बेघर' कुणी म्हणत नाही कारण त्यांच्या डोक्यावर वॉर्डचं छप्पर आहे. पण तो वॉर्ड आहे, घर नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १९ सांगतं की अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि केवळ घर नाही म्हणून त्याला रुग्णालयात ठेवता येणार नाही.

चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने यावर जे केलं ते या धाग्याशी अगदी जुळतं. साध्या वस्तीत साधं घर भाड्याने घ्यायचं, चार-पाच जणींनी मिळून राहायचं, सोबतीला एक मदतनीस बाई. बाजार, स्वयंपाक, सण सगळं त्यांचं त्यांनी. 'होम अगेन' नाव आहे त्या कामाचं. ते इथून जवळ, रत्नागिरीतही झालं आहे. म्हणजे कोकणातल्या घरमालकांनी आणि शेजाऱ्यांनी ते स्वीकारलं.

शेजाऱ्यांबद्दल अनुभवाने सांगते. आधी सभा घेऊन 'तुमच्या वाड्यावर असे लोक राहायला येणार' असं सांगू नका. कुणी नवीन भाडेकरू येताना आपण गावसभा घेतो का? शेजारी शांतपणे ओळख करून घेऊ दे. अडचण आली तर फोन कुणाला करायचा, तो एक नंबर मात्र शेजाऱ्याकडे असायलाच हवा, आणि तो रात्री दोनलाही उचलला गेला पाहिजे. सगळा विश्वास त्या फोनवर उभा राहतो.

साइट_इंजिनिअर

बिल्डरांच्या बाजूने कुणी लिहिलं नाही, म्हणून मी. नोकरी करतो, बिल्डर नाही.

मजुरांपासून सुरुवात करतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ ने साइटवरच्या कामगारांना राहण्याची तात्पुरती सोय मोफत देणं मालकावर बंधनकारक केलं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर, संडास यांसकट. प्रत्यक्षात मी पत्र्याच्या शेडपलीकडे फारसं पाहिलेलं नाही, आणि स्लॅब पूर्ण झाला की शेडही उतरते. मोठं काही करायच्या आधी एवढा एक नियम पाळला, तरी पावसाळ्यात रस्त्यावर येणारी कितीतरी कुटुंबं वाचतील.

दुसरं, महाराष्ट्रात मोठ्या शहरांत ४००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांत २० टक्के घरं लहान आणि परवडणारी ठेवावी लागतात. ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. कुरबुरी झाल्या, पळवाटा निघाल्या, पण घरं मिळाली. गोव्यात आपण नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ या, जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या कलमांवर एवढे भांडलो. शेतजमीन, बागायत, डोंगरउतार वाचवण्यासाठी ते भांडण हवंच होतं आणि मी त्यात आहे. पण झोन बदलून घेणाऱ्याच्या जमिनीची किंमत एका सहीने कितीतरी पट वाढते. त्या वाढीतला काही वाटा भाड्याच्या लहान घरांच्या रूपाने द्या, अशी अट कुणी मागितलेली मी ऐकली नाही. जिथं सेटलमेंट झोन (वस्तीसाठी ठरवलेला भाग) आधीच आहे आणि पन्नास-पन्नास व्हिला उठताहेत, तिथं तरी ही अट का नको?

बिल्डर काय म्हणतील तेही सांगतो. 'जमीन एवढी महाग, एफएआर (भूखंडाच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) एवढा कमी, त्यात ३० चौरस मीटरचे फ्लॅट कसे बसवायचे?' हे अगदी खोटं नाही. म्हणून जमीन सरकारची आणि बांधकाम खासगी, हाच मार्ग जमेल. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये, २०२४ पासून, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. सरकारी पैशाने बांधलेली रिकामी घरं भाड्याने वापरणं किंवा नवीन बांधणं, दोन्ही त्यात बसतं. १९६८ च्या कायद्याने स्थापन झालेलं आपलं गृहनिर्माण मंडळ आहे. पर्वरीच्या, मडगावच्या गोगळच्या वसाहतींत आज जे निवृत्त लोक सुखाने राहतात, त्यांना ती घरं याच मंडळाने दिली. मंडळाने फक्त भूखंड आणि विक्रीच न बघता भाड्याची घरं बांधावीत, ही मागणी करायला आपण मोकळे आहोत.

गांवकार

जमिनीचा विषय निघाला म्हणून. कोमुनिदाद म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. कोमुनिदाद संहितेत गावातल्या भूमिहीन रहिवाशाला घरासाठी भूखंड अफोरामेंतावर, म्हणजे कायमच्या पट्ट्याने, देण्याची सोय आहे. वर्षाला फोर (खंड) भरायचा, जमीन कोमुनिदादीची राहते. या एका तरतुदीचा प्रामाणिक वापर झाला असता तर पेडण्याचो यांच्या भावासारख्यांना वणवण करावी लागली नसती. आमच्याच लोकांनी भूखंड ओळखीवर वाटले, काही ठिकाणी उपऱ्यांना विकलेही, याचं मला दुःख आहे.

२०२५ मध्ये कायदे दुरुस्त करून सरकारी आणि कोमुनिदादीच्या जमिनीवरची २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरं नियमित करायचं ठरलं, 'म्हजें घर' योजना आली. कोमुनिदादींचा त्याला विरोध आहे, माझाही आहे. पण इथं वेगळं सांगायचंय. ज्याने २०१४ पूर्वी भिंत उभी केली त्याला दिलासा मिळाला. ज्याने कायदा मानून कुठंच भिंत उभी केली नाही, आयुष्यभर भाडं भरलं आणि शेवटी रस्त्यावर आला, त्याच्यासाठी या सगळ्यात एक ओळ नाही. एप्रिल २०२४ मध्ये सांगोल्ड्यात न्यायालयाच्या आदेशाने कोमुनिदादीच्या जमिनीवरची घरं पाडली गेली, त्या दिवशी मी तिथं होतो. कोमुनिदादीचा हक्क मान्य असूनही लहान मुलांची दप्तरं रस्त्यावर बघून मान वर होईना. पाडण्याआधी त्यांना न्यायचं कुठं, याची जागा ठरलेली असायला हवी. भाड्याच्या घरांचा साठा त्यासाठीही लागतो.

रोखवही

हिशेब कुणीच मांडला नाही. ढोबळ मांडतो, आकडे केवळ उदाहरणाला.

दहा घरं घेतली, दर घराला ८,००० भाडं धरलं तर महिन्याला ८०,०००. प्रत्येक घरात तिघं, प्रत्येकाने सरासरी १,५०० दिले तर ४५,००० जमा. तूट ३५,०००, वर्षाला ४ लाख २० हजार. शिवाय चक्कर मारणाऱ्या माणसाचा पगार, आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम. ती किमान तीन महिन्यांच्या भाड्याएवढी, म्हणजे २ लाख ४० हजार, पहिल्या दिवशी बँकेत हवी. ही रक्कम नसेल तर मालकाला दिलेला शब्द पोकळ आहे. एकदा जरी भाडं चुकलं तर गावभर होईल आणि दुसरं घर मिळणार नाही.

एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. १८ जुलै २०२२ पासून राहण्याचं घर जीएसटीत नोंदलेल्या संस्थेने भाड्याने घेतलं तर १८ टक्के कर त्या संस्थेला भरावा लागतो. तेव्हा एखाद्या मोठ्या पतसंस्थेच्या किंवा कंपनीच्या नावाने करार करण्याआधी विचार करा. वेगळा लहान ट्रस्ट बरा.

भाटकाराची_नात यांच्यासारख्या घरांसाठी दुसरी पद्धत: संस्थेने छप्पर शाकारायचं, वाशे बदलायचे, आणि तो खर्च फिटेपर्यंत भाडं नाही. मालकाच्या खिशातून काही जात नाही आणि घर उभं राहतं.

पेडण्याचो

सगळे प्रतिसाद वाचले. विरोध पूर्ण गेला असं म्हणणार नाही. मतदारयादीची भीती आहेच. पण परिचारिकाताईंनी लिहिलं त्या बायकांसाठी कुणाचा विरोध असेल असं वाटत नाही. आमच्या वाड्यावर शाळेजवळ एका मास्तरांचं घर बंद आहे, मालक एकच, मुलगा मुंबईला. त्याच्याशी बोलून बघतो. अट एक: गावातल्या कुणालातरी त्या मदतनीस बाईचं काम द्या.

परिचारिका_बांबोळी

ती अट आनंदाने मान्य. गावातलीच बाई हवी, तिला शेजार माहीत असतो. प्रशिक्षणाचं मी बघते.

भाटकाराची_नात

मामांना रोखवही यांचा छपराचा हिशेब वाचून दाखवला. 'लेखी आणा,' म्हणाले. नकार नाही आला. लिस्बनच्या मावशीचा प्रश्न आहे: चवथीला आम्ही घरात येऊ शकू ना? देवाची खोली आमच्याकडे राहील ना?

अॅड_सासष्टी

राहील. करारात देवाची खोली आणि तिची वाट वगळता येते, चवथीच्या दिवसांचा वापर स्वतंत्र कलमात लिहिता येतो. मसुदा करताना वीज आणि पाण्याचं कनेक्शन मालकाच्याच नावावर ठेवा, बिल संस्था भरेल. घरपट्टी मालकाने भरायची आणि पावती जपायची. मसुद्यासाठी फी घेणार नाही. मुखत्यारपत्राचा नमुना मावशींसाठी वेगळा पाठवतो, तो तिथल्या दूतावासात सही करून मूळ प्रत टपालाने यावी लागेल, स्कॅन चालणार नाही.

मांडवीकाठ

सगळ्यांचे आभार. ट्रस्टच्या नोंदणीसाठी पणजीत बसायचं ठरवतेय, रविवारी चारला. रोखवही, तुम्ही तीन महिन्यांच्या भाड्याचं जे सांगितलंत ते जमल्याशिवाय एकही चावी घ्यायची नाही, हे मी लिहून ठेवते. आमच्या जेवणाच्या गटाकडे त्यातली काही रक्कम आहे, बाकीची उभी करू.

घर_दाखवणारा

साखळीत बाजाराच्या मागे वरचा मजला आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पाणी दिवसातून एकदा येतं, टाकी बसवावी लागेल. जिना बाहेरून आहे पण कठडा नाही, म्हाताऱ्यांना ठेवणार असाल तर आधी कठडा. मालकाला संस्थेचं सांगितलंय, तो माणूस बघायला तयार आहे. रविवारी येताना भाड्याचा त्याचा आकडा घेऊन येतो.